कीवर्ड प्लॅनर की सर्च कन्सोल? बेळगावच्या एका कुंद्याच्या साइटवरचा अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या छोट्या दुकानाची साइट गूगलवर वर आणायची, तर आधी कळायला हवं की लोक नेमकं काय टाइप करतात. त्यासाठी गूगलचीच दोन फुकट साधनं आहेत: कीवर्ड प्लॅनर, म्हणजे कोणता शब्द किती शोधला जातो ते सांगणारं जाहिरातदारांचं साधन, आणि सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट कोणत्या शोधांत दिसते ते दाखवणारं. एका नातेवाइकांच्या कुंद्याच्या (बेळगावची दुधाची मिठाई) दुकानाची साइट मी सांभाळतो आणि तिच्यासाठी दोन्ही वापरून पाहिली.

आधी प्लॅनर, कारण त्याची बाजू लंगडी नाही. आपली साइट जिथे अजून दिसतच नाही, ते शब्दही तो सुचवतो. करदंट ही दुसरी मिठाई विक्रीला ठेवायचा विचार होता, तेव्हा त्याचाच आधार झाला. शिवाय फक्त पुणे किंवा फक्त बेळगाव असं ठिकाण निवडता येतं. सर्च कन्सोल देशाच्या खाली उतरत नाही.

पण जाहिरातीवर खर्च नसेल तर प्लॅनर महिन्याच्या शोधांचा मोघम पट्टा देतो: 10 ते 100, 100 ते 1 हजार. तेही चाललं असतं. मला अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मिळतीजुळती स्पेलिंगं तो बऱ्याचदा एकाच आकड्यात घालतो, आणि आपल्याकडे सगळी मेख स्पेलिंगातच आहे. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. तरी रोमन लिपीत कुणी जुनं स्पेलिंग लिहितं, कुणी नवं. कोल्हापूर-पुण्याचं गिऱ्हाईक देवनागरीत 'बेळगावचा कुंदा' शोधतं, हुबळी-धारवाडचं कन्नडमध्ये. पानाच्या मथळ्यात यातलं कोणतं घ्यावं? प्लॅनरकडून मला तरी उत्तर मिळालं नाही.

सर्च कन्सोलमध्ये प्रत्येक स्पेलिंगची वेगळी ओळ असते, तिचे इंप्रेशन्स (साइट किती वेळा दिसली), क्लिक आणि निकालांतल्या सरासरी स्थानासकट. क्वेरीच्या, म्हणजे शोधांच्या, फिल्टरमध्ये कस्टम रेजेक्स (अक्षरांचा साचा देऊन गाळणी) निवडून [अ-ह] एवढंच टाका. देवनागरीतले शोध तेवढे उरतात. मग इंप्रेशन्स भरपूर, स्थान आठ ते वीसच्या दरम्यान आणि क्लिक जेमतेम, अशा ओळी बघा. तिथेच मला 'कुंदा किती दिवस टिकतो' हा प्रश्न सापडला. पार्सल मागवणाऱ्याची पहिली शंका हीच, आणि आमच्या पानावर तिचं उत्तरच नव्हतं. मथळ्याखाली दोन ओळी घातल्या आणि त्या शोधावरून लोक येऊ लागले. फक्त त्यामुळेच, असं छातीठोक नाही म्हणणार. पण बाकी काही बदललं नव्हतं.

उणिवा आहेत. अगदी विरळ शोध गोपनीयतेसाठी लपवले जातात, तक्त्यात 1,000 च ओळी दिसतात, आणि नव्या कोऱ्या साइटला सुरुवातीला काहीच हाती लागत नाही. तुमची साइट अजून उभीच राहायची असेल, तर प्लॅनरपासूनच सुरू करावं लागेल. साइट लागताक्षणी मात्र सर्च कन्सोल जोडा आणि दर दिवाळीनंतर तक्ता उतरवून ठेवा. 16 महिन्यांपलीकडचं तिथे राहत नाही, आणि सणासुदीच्या मालाला दोन-तीन वर्षं शेजारी ठेवूनच बघावं लागतं.