छोट्या लाडवांचा फराळ: एका बचत गटाच्या दिवाळी डब्याचा अनुभव

ठाण्यात आमच्या घराजवळ एक महिला बचत गट दरवर्षी दिवाळीचा फराळ करून विकतो. गेल्या दिवाळीत त्यांनी खास मुलांसाठी एक वेगळा डबा तयार केला होता. घरात सात आणि दहा वर्षांची दोन मुले असल्यामुळे आणि दिवाळीच्या चार दिवसांत त्यांच्या हातात सतत काहीतरी गोड असते ही काळजी असल्यामुळे, मी तो साडेसहाशे रुपयांना मागवला. त्यात दहा बेसन लाडू, दहा खजूर-गुळाचे लाडू, शंकरपाळे, भाजक्या पोह्यांचा चिवडा, चकल्या आणि करंजीच्या सारणाची एक पुडी होती.

या डब्याचे सर्वांत मोठे श्रेय मी लाडवांच्या आकाराला देईन. घरी आपण वळतो तो बेसन लाडू सहज चाळीस ग्रॅमचा भरतो. हे लाडू मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, तेव्हा प्रत्येकी वीस ग्रॅमच्या आसपास भरले. बेसन लाडवात वजनाच्या साधारण एक तृतीयांश पिठीसाखर असते असे धरले, तर अशा एका लाडवातून सहा-सात ग्रॅम, म्हणजे दीड चमचा साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी, आणि शक्य असल्यास 5 टक्क्यांच्या आत असावी. सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही दुसरी मर्यादा वीस ग्रॅमच्या थोडी पुढे जाते. म्हणजे एक छोटा लाडू आणि चार शंकरपाळे खाऊनही मूल त्या मर्यादेत राहू शकते. शिवाय मुलाला अर्धा लाडू मोडून दिला की त्याला आपल्याला कमी मिळाले असे वाटते. छोटा असला तरी अख्खा लाडू हातात पडला की ती तक्रारच उरत नाही. बेसन खमंग भाजलेले होते, लाडू कणीदार होता आणि तुपाचा वास अस्सल होता, हे वेगळे सांगायला हवे, कारण आरोग्याच्या नावाखाली चवीला मुरड घातलेले पदार्थ मुले दुसऱ्यांदा तोंडात घालत नाहीत.

माझा स्पष्ट आक्षेप आहे तो खजूर-गुळाच्या लाडवांवर लावलेल्या ‘साखरविरहित’ या चिठ्ठीला. खजुराचा जवळपास दोन तृतीयांश भाग नैसर्गिक साखरेचाच असतो आणि गूळ ही तर उसाची साखरच आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे 100 ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असलेल्या घन पदार्थाला असे म्हणता येत नाही. खजुरात तंतुमय भाग असतो, हा त्याचा खरा गुण आहे आणि चिठ्ठीवर तोच लिहायला हवा होता. ही चिठ्ठी वाचून आमच्या शेजारच्या आजींनी नातवाला एका बैठकीत चार लाडू दिले, यात त्यांची काहीच चूक नव्हती. हा लाडू चिकटही असतो, दाढांच्या फटीत बराच वेळ राहतो, त्यामुळे तो खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायला लावावी.

सारणाच्या पुडीने मात्र माझे मन जिंकले. सुके खोबरे, भाजलेला रवा, खसखस, वेलदोडा आणि बेताची पिठीसाखर असे ते सारण होते. पाऱ्या मी लाटल्या, मुलांनी चमच्याने सारण भरले, कडेला दुधाचे बोट फिरवले आणि कातण्याने कडा कापल्या. पहिल्या तीन करंज्या तेलात फुटल्या, पण उरलेल्या नीट तळल्या गेल्या, आणि धाकट्याने ‘माझी करंजी’ म्हणून ताटातली एकच करंजी दहा मिनिटे पुरवून खाल्ली.

नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्यावर आम्ही सगळे एकत्र ताटे घेऊन बसलो. प्रत्येकाला डब्यातला एकेक गोड पदार्थ, एक चकली, चिवडा आणि सोबत वाटीभर दही, अशी वाढणी होती. नंतर डबा वरच्या फळीवर गेला आणि थेट संध्याकाळी उघडला. दिवसभर थोडे थोडे गोड खाण्यापेक्षा दोनदा बसून खाणे दातांना बरे, कारण प्रत्येक वेळी साखर तोंडात गेली की जिवाणू नव्याने आम्ल तयार करतात.

चकली खारट होती, हेही नोंदवते. चिठ्ठीबद्दल मी गटातल्या ताईंशी सविस्तर बोलले. त्यांनी मनापासून ऐकून घेतले आणि यंदा ‘खजूर आणि गूळ घातलेले’ एवढेच लिहू असे सांगितले. यंदा मी दोन डबे सांगितले आहेत आणि सारणाची एक पुडी जास्त मागितली आहे.