आयर्लंडची वाट की नॉर्वेची?

युरोपीय संघात जायचं की बाहेर राहायचं, हा वाद आइसलँडमध्ये मिटतच नाही. २००९ मध्ये अर्ज केला, २०१३ मध्ये बोलणी थांबवली. तिथल्या मतदाराने आधी दोन देशांकडे नीट बघावं.

नॉर्वेच्या जनतेने १९७२ आणि १९९४ अशी दोनदा सार्वमतात 'नको' म्हटलं. मासेमारी, शेती आणि स्वतःचं चलन हातात राहिलं. ही कमाई मोठी आहे. पण युरोपीय आर्थिक क्षेत्रात, म्हणजे संघाबाहेरच्या काही देशांना संघाच्या बाजारात सामावणाऱ्या करारात, असल्याने बाजाराचे बहुतेक नियम संघाच्या मुख्यालयी, ब्रुसेल्समध्ये ठरतात आणि ओस्लोला ते लागू करावे लागतात, तेही मताशिवाय. वर पैसेही भरायचे. नियम नाकारायचा हक्क करारात आहे. टपालसेवेच्या एका नियमावर २०११ मध्ये तो वापरायचं ठरलं, पण २०१३ मध्ये सरकार बदललं आणि नकार बारगळला.

आयर्लंड १९७३ मध्ये आत गेला. त्याआधी तो स्वतंत्र होता खरा, पण त्याचा पौंड ब्रिटिश पौंडाला बांधलेला होता; ती गाठ १९७९ मध्ये सुटली. ज्या आयरिश भाषेला घरच्याच मातीत ओहोटी लागली होती, ती २००७ मध्ये संघाची अधिकृत भाषा झाली. ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन संघातून बाहेर पडण्याच्या वेळी ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडच्या सीमेचा प्रश्न आला, तेव्हा बाकीचे २६ देश डब्लिनच्या पाठीशी उभे राहिले. एकट्याने लंडनशी बोलताना हे बळ कुठून आलं असतं?

किंमतही मोजावी लागली. २००८ मध्ये लोकांनी संघाचा कारभार नव्याने ठरवणारा लिस्बन करार सार्वमतात फेटाळला. तटस्थता आणि करांबाबत हमी मिळाल्यावर २००९ मध्ये पुन्हा मत घेतलं गेलं. त्याचा राग अनेकांच्या मनात आहे आणि तो रास्त आहे. २०१० च्या बँक संकटात तर कर्जाच्या अटी बाहेरून आल्या.

तरीही मला आयर्लंडची वाट जास्त पटते. आइसलँडही युरोपीय आर्थिक क्षेत्रात असल्याने आज नॉर्वेच्याच रांगेत आहे: नियम पाळतो, मत देत नाही. बाहेर राहिल्याने सार्वभौमत्व शाबूत राहतं, हे म्हणूनच अर्धंच खरं.

अडतं ते माशांवर. कॉड माशासाठी या चिमुकल्या देशाने १९७६ पर्यंत ब्रिटनशी झुंज दिली आणि २०० मैलांचा समुद्र राखला. संघात माशांचा कोटा सदस्य देशांचे मंत्री मिळून ठरवतात. त्या पाण्यावरचा हक्क करारात शब्दशः लिहून मिळत नसेल, तर आइसलँडच्या कोळ्याने 'नको' म्हणावं. मीही तेच म्हणेन.