तारकर्लीच्या वाटेवरचं फिलिपिनो जेवण (आणि तिखट करून मागायची चूक)

मालवणातून तारकर्लीला जाताना माडांच्या बागेत एक निळा टेम्पो उभा असतो, वर कोंबड्याचं चित्र आणि खाली नुसतं 'फिलिपिनो जेवण'. आम्ही कितीतरी महिने ती चायनीजची गाडी समजून पुढे जात होतो. मार्चमध्ये एकदा आई सोबत होती आणि भूक लागलेली म्हणून थांबलो, तर कळलं की गाडीच्या मागे जुन्या मांगरात (शेतातल्या खोपट्यात) पाच टेबलं मांडलीत, तेच रेस्टॉरंट. ते चालवणारे दादा इथलेच, बरीच वर्षं जहाजावर होते, त्यांची बायको, म्हणजे वहिनी, फिलिपिन्समधल्या बिकोल भागातल्या. त्या मालवणी बोलतात पण हेल वेगळाच, ऐकायला भारी वाटतं.

पहिल्या दिवशी काय मागवायचं तेच कळेना म्हणून वहिनींनाच सांगितलं तुम्हीच द्या काय ते. आलं काय, तर कुयरीची भाजी! म्हणजे कोवळा फणस नारळाच्या दुधात, वर चार हिरव्या मिरच्या आणि जवळा. आई ताटाकडे बघून म्हणाली, "पैसे देऊन फणसाची भाजी खावक हंय कित्याक इलव?" पण खाल्ली, आणि भात परत मागून खाल्ली. फरक जवळ्यात आहे. आपण सुका जवळा भाजून टाकतो, हे लोक तोच मिठात मुरवून त्याची गुलाबी-जांभळट पेस्ट करतात, बागूंग म्हणतात. बरणी उघडली की वास असा येतो की शेजारचं पुण्याचं कुटुंब टेबल बदलून बसलं, शिजल्यावर मात्र तो वास कुठे जातो कळत नाही, नुसती चव उरते.

अळूचं पण तसंच. लाइंग म्हणतात, बिकोलचाच पदार्थ. अळू खाजू नये म्हणून आपण चिंच नाहीतर कोकम घालतो ना, तिथे पानं सुकवून घेतात, नारळाच्या दुधात सोडतात आणि शिजेपर्यंत ढवळायचंच नाही, ढवळलं तर खाजतं असं वहिनी ठामपणे सांगतात. खरंखोटं माहीत नाही पण माझा घसा ठीक होता. दिसायला काळपट गिचका, फोटो काढण्यासारखं काही नाही, पण घ्याच.

आता अडोबो, कारण सगळे तेच विचारतात. चिकन, व्हिनेगर, सोया सॉस, ठेचलेली लसूण, तेजपत्ता, अख्खी काळी मिरी, झालं. हळद नाही की लाल तिखट नाही. स्पॅनिश लोक तिथे १५६५ पासून १८९८ पर्यंत होते, नाव त्यांच्यामुळे पडलं, व्हिनेगरात मांस शिजवणं मात्र त्यांच्या आधीपासूनचं. इथे व्हिनेगर बाटलीतलं नाही, वहिनी माडी आणून बरणीत आंबवतात. तिकडेपण माडाची माडी काढतात, तिला तुबा म्हणतात आणि तीच आंबवून व्हिनेगर होतं, त्यामुळे त्यांना इथे येऊन त्याबाबतीत काहीच अडलं नाही. हे व्हिनेगर नाकात घुसत नाही, किंचित गोडसर आंबट लागतं, आणि रस्सा आटून मांसाला चिकटलेला असतो तो बोटाने पुसून खायचा. २२० रुपयांत दोन मोठे तुकडे आणि लसणीचा परतलेला भात. तो भात म्हणजे आपला शिळ्या भाताचा फोडणीचा भातच, फक्त हळद-मोहरीशिवाय.

चूक दुसऱ्या खेपेला झाली, आणि अर्धी आमचीच. जुलैमध्ये मुंबईचे मित्र आले, सगळ्यांनी "थोडं स्पायसी करा ना" चालवलं. दादा पण गिऱ्हाईक मोडवत नाही म्हणून हो म्हणाले आणि अडोबोत मालवणी मसाला घालून आणला. ना धड हे ना धड ते, आंबट आणि गरम मसाला एकमेकांशी भांडत होते. वर पन्नास मिनिटं थांबलो, पाऊस ताडपत्रीवरून थेट एका टेबलावर, आणि लुंपिया, म्हणजे मटणाचे बारीक रोल, तेल पिऊन आले. मेनूवर आता 'मालवणी अडोबो' असं छापलंय सुद्धा, ते बघून मला वाईट वाटलं. दादा, काढून टाका हो ते.

त्याच दिवशी सिनिगांग, म्हणजे तिकडचं आंबट सूप, मात्र वाचवून गेलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, त्यामुळे खाडीची कोळंबी, मुळा, वांगं, लांब शेंगा आणि पातळ आंबट पाणी. जास्त करून चिंचेचं करतात पण वहिनींनी बिमली (ते आंबट हिरवं फळ) घातली होती, तिकडे तिला कामियास म्हणतात आणि सिनिगांगात घालतात. आमच्या परसात बिमली सडून पडतात, शेजारीपण नेत नाहीत. आईने पुढच्या वेळी पिशवीभर नेऊन दिल्या आणि बदल्यात व्हिनेगरची बाटली घेऊन आली, मला न विचारता! बाहेर धो धो पाऊस आणि समोर ते गरम आंबट पाणी, मित्रांनी तिखटाचं नाव काढलं नाही परत.

गोडात हालोहालो घ्या, १४० रुपये, दोघांना पुरतो. नावाचा अर्थच मिक्समिक्स. उंच ग्लासात गोड शिजवलेला राजमा (हो, राजमा), शहाळ्याची मलई, केळं, बर्फाचा किस, दूध आणि वर जांभळा गोळा. त्या जांभळ्याला ते उबे म्हणतात, इन्स्टावर फार चाललंय सध्या. आईने चमचाभर खाल्लं आणि म्हणाली, "ह्यां कोनफळ मां गो!" आणि खरंच कोनफळच आहे, वहिनी बाजारातून आणून दुधात आटवतात. राजमा मला अजून पटलेला नाही, मी तळाशी तसाच ठेवते.

किनिलाव, म्हणजे व्हिनेगरात मुरवलेला कच्चा मासा, मेनूवर नाही. सकाळची सुरमई मिळाली तरच करतात, विचारावं लागतं. पोर्क फक्त रविवारी. यूपीआय आहे पण रेंज नसते, सुट्टे पैसे ठेवा. सोमवारी बंद.