वालों-पों-दार्क: ८ किलोमीटर की ३२?

दक्षिण फ्रान्समधल्या आर्देश नदीकाठच्या या गावातून कनू किंवा कयाक भाड्याने घेताना पहिला प्रश्न हाच. ८ किलोमीटरचा टप्पा दोन-तीन तासांत शाम नावाच्या ठिकाणी संपतो. ३२ किलोमीटरचा टप्पा थेट घळीपलीकडच्या सोझ या ठिकाणापर्यंत जातो. त्यात सहा ते आठ तास वल्हवावं लागतं, म्हणून सकाळी लवकरच निघायचं. परतीची गाडी भाड्यातच असते का, हे आधी विचारा.

पों दार्क, म्हणजे नदीने कोरलेली सुमारे ५४ मीटर उंच नैसर्गिक कमान, दोन्हींत लागते. लहान मुलं किंवा नवखे सोबत असतील तर ८ किलोमीटरच घ्या. पोहता येणं मात्र दोन्हीकडे सक्तीचं.

खरी घळ शामनंतर सुरू होते: दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे आणि मधे संरक्षित क्षेत्र. मुक्काम गो किंवा गुर्निए या दोन तळांवरच, तोही आगाऊ आरक्षण करून. आमचं मत विचाराल तर दोन दिवसांत ३२ किलोमीटर करण्यासारखं सुख नाही; एका दिवसात खांदे भरून येतात आणि कडे बघायला उसंत मिळत नाही.

होडी उलटते ती बहुधा खडकावर आडवी अडकल्यावर. माणूस घाबरून खडकापासून लांब झुकतो, प्रवाह येतो त्या बाजूची कड खाली जाते आणि पाणी आत शिरतं. उलट खडकाकडेच झुका, हाताने रेटून सुटा. सामान जलरोधक पिंपात ठेवा, झाकण घट्ट फिरवा आणि पिंप होडीला बांधा. पायात बंद बूट हवेत: उन्हाळ्यात पाणी उतरलं की गोट्यांवरून होडी ओढावी लागते.