रानअळंबी: वाळवावी की मिठात मुरवावी?

टोपलीभर रानअळंबी एकदम घरी आली की प्रश्न पडतोच. वाळवायला खर्च काहीच नाही, पण कडक ऊन हवं. ढग आले की बुरशी धरते. अळंबीत जवळपास 90 टक्के पाणी, म्हणून किलोचे जेमतेम 100 ग्रॅम उरतात. काप कट्कन मोडला की समजावं, वाळलं. बोलेटस जातीच्या अळंबीचा वास तर वाळल्यावर असा दाटतो की चार कापांत रस्सा घमघमतो! शँटरेल जातीची अळंबी मात्र वाळवली की चिवट होते.

मिठाला उन्हाची वाट बघावी लागत नाही, अळंबी करकरीत राहते. फक्त खाण्याआधी पाण्यात ठेवून खारटपणा उतरवावा लागतो.

जहाल विषारी अळंबीचं विष दोन्हींनी जात नाही, त्यामुळे ओळख पक्की हवीच.

रश्श्या-सुपासाठी वाळवा. तोंडी लावायला किंवा दमट हवेत मीठच बरं.