ऑक्सिजन थेरपी, आठ महिन्यांनंतर: आधी दाब विचारा, मग पैसे भरा

शुक्रवारी बँकेचा मेसेज आला, १७,५०० रुपये जमा. दहा सिटिंगचे २५,००० भरले होते, त्यातल्या तीन वापरल्या. उरलेल्या सातचे पैसे हातात यायला साडेसहा महिने लागले. पैसे मिळेपर्यंत काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आता बसलेय.

माझी टमी टक झाली, म्हणजे पोटाची जादा कातडी काढून स्नायू ताणून शिवायचं ऑपरेशन. दोन सिझेरियननंतर पोटाचे स्नायू मधून सरकले होते, पाठ धरायची, आणि हो, पोट सपाट हवंही होतं. कॉस्मेटिक म्हणून मेडिक्लेम नाही. चार वर्षांच्या भिशीचे पैसे लावले, त्यामुळे एस्टिमेटमधली प्रत्येक ओळ मी वाचली होती. शेवटची ओळ होती 'ऑक्सिजन थेरपी'. कोऑर्डिनेटर म्हणाली, "ताई, सूज लवकर उतरते, व्रण फिका पडतो, सगळेच घेतात." सगळेच घेतात म्हटल्यावर मीही घेतली. त्या दिवशी एकच प्रश्न विचारायला हवा होता आणि तो मला माहीत नव्हता.

थेरपी एका वेलनेस सेंटरमध्ये होती. चेन लावायची मोठी फुगवलेली पिशवी, आत गादी, नाकाशी कॉन्सन्ट्रेटरची (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राची) नळी. मोबाइल आत नेऊ दिला. ऑपरेशननंतर चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या दिवशी एकेक तास झोपले. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. शांत होतं, एसी होता.

सहाव्या दिवशी संध्याकाळी ड्रेसिंग उघडलं तर टाक्यांच्या बरोबर मध्ये, बेंबीच्या खाली, चारेक सेंटिमीटरची कड जांभळी-काळसर झालेली. टमी टकमध्ये सगळ्यात नाजूक जागा हीच. वरची कातडी सुटी करून खाली ओढतात, ताण तिथेच जास्त येतो आणि रक्त तिथे सगळ्यात शेवटी पोचतं. सर्जन म्हणाले, "हायपरबेरिक सुरू करू," म्हणजे वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन देणं. मी म्हटलं, "डॉक्टर, ते तर चालूच आहे, तीन झाल्या."

त्यांनी विचारलं, "किती दाबावर?"

मला सांगता येईना. ह्यांनी तिथल्या तिथे सेंटरला फोन लावला. उत्तर आलं, १.३. म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या १.३ पट.

मी हे आकडे वहीत मांडून ठेवलेत, तुम्हीही मांडून बघा. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के. दाब १.३ पट केला तर ०.२१ गुणिले १.३, म्हणजे ०.२७ होतो. म्हणजे साध्या खोलीत २७ टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखंच. बरं, नाकाशी नळी होती, ती पूर्ण ९० टक्के पोचली असं धरलं तरी १.३ गुणिले ०.९, म्हणजे १.१७. दवाखान्याच्या कॉटवर नीट बसणाऱ्या मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन घेतला तरी १ च्या जवळ जाता येतं. मग पिशवीची कमाई ती किती? आणि ज्याला खरं हायपरबेरिक म्हणतात तिथे दाब २ ते २.४ आणि आत १०० टक्के ऑक्सिजन. माझ्या १.१७ ला दुप्पट केलं तरी २.४ होत नाही. हे गणित पाचवीतल्या मुलालाही येईल, पण ब्रोशरवर 'हायपरबेरिक' एवढंच मोठ्या अक्षरात होतं, आकडा कुठेच नव्हता.

दाबाला एवढं महत्त्व का, तर तांबड्या पेशी एरवीच ऑक्सिजनने जवळजवळ भरलेल्या असतात, त्यांच्यात आणखी मावत नाही. दाब वाढवला की तो रक्ताच्या पाण्यात विरघळतो. एरवी १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर विरघळलेला असतो, २.४ दाबाला ५ च्या आसपास जातो. डच सर्जन इटे बोएरेमा यांनी १९६० मध्ये ॲमस्टरडॅमला डुकरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या काढून ३ दाबाच्या खोलीत त्यांना जिवंत ठेवलं होतं. कडेच्या पेशींपर्यंत रक्त धड पोचत नसेल तेव्हा हा विरघळलेला ऑक्सिजनच कामाला येतो.

सातव्या दिवशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या चेंबरला गेले. पारदर्शक ॲक्रिलिकची नळी, आत एकच माणूस. आणि पहिल्याच दिवशी मला परत पाठवलं, कारण डोक्याला खोबरेल तेल होतं. पोटाला पट्टा, हातात ड्रेनची बाटली, रिक्षाचे जाऊन-येऊन २८० रुपये. संताप झाला होता. आता मात्र सांगते, तेल, पावडर, नेलपॉलिश, व्हॅसलीन, सिंथेटिक कपडा, घड्याळ, मोबाइल, यातलं काहीही आत जाऊ देत नसतील तरच तिथे झोपा. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पुरते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या ट्रॉय गावात अशाच चेंबरमध्ये आग लागून पाच वर्षांचा मुलगा गेला. ते वाचल्यावर त्या टेक्निशियन मुलीबद्दल मनात काही राहिलं नाही. रोज ती सुती गाऊन स्वतः तपासायची आणि मनगटाला अर्थिंगची पट्टी बांधायची.

त्रास कानाचा. दाब चढताना दडे बसतात, घाटात बसतात त्याच्या कितीतरी पट. २.४ म्हणजे समुद्रात १४ मीटर खाली गेल्यासारखं. नाक दाबून हळूच फुंकायचं, नाही सुटला तर आवंढा गिळायचा. ती बाहेरून इंटरकॉमवर म्हणायची, "ताई, घाई नाही, कान सुटला की अंगठा दाखवा." दुखला की दाबाचा काटा तिथेच थांबवायची. मला काचेतून तो काटा दिसायचा आणि नव्वद मिनिटं मी त्याच्याकडेच बघायचे. २.४ वर आला की जीव थंड व्हायचा. सर्दी असेल तर सिटिंग रद्द करा, पडदा दुखावतो.

वीस सिटिंग झाल्या, प्रत्येकी ३,२०० प्रमाणे ६४,०००. चारपैकी अडीच सेंटिमीटर कड गुलाबी झाली. दीडेक सेंटिमीटर गेलीच, ती ड्रेसिंगवर पाच आठवड्यांत भरली.

इथपर्यंत रविवारी लिहून ठेवलं होतं. पुढचं वाक्य होतं, 'चेंबरने माझं पोट वाचवलं.' आज हॉस्पिटलची फाइल काढून वाचली आणि ते खोडलं. त्याच काळात सर्जननी पट्टा सैल केला होता, मधले दोन टाके काढले होते, रोज ड्रेसिंग होतं, मी दिवसाला चार अंडी खात होते. कशाने किती झालं हे त्यांनीही छातीठोक सांगितलं नाही. 'धोक्यात आलेला फ्लॅप' (सुटी करून पुन्हा बसवलेली कातडी) हे कारण अमेरिकेच्या अंडरसी अँड हायपरबेरिक मेडिकल सोसायटीच्या मान्य यादीत आहे, एवढं ते ठामपणे म्हणाले. व्यवस्थित भरत असलेली कॉस्मेटिक जखम लवकर भरावी हे कारण त्या यादीत नाही. काळी कड पुन्हा दिसली तर मी ६४,००० पुन्हा भरीन. नुसत्या व्रणासाठी सहाशेही नाही.

एक गोष्ट आधी कोणी नीट सांगितली नाही. शेवटच्या आठवड्यात लांबचं धूसर दिसायला लागलं, बसचा नंबर वाचता येईना, आणि जवळचं मात्र चष्म्याशिवाय स्वच्छ. चष्म्याच्या दुकानात नवा नंबर काढून झाला, ॲडव्हान्स देणार तेवढ्यात सर्जनना फोन केला. ते म्हणाले थांबा. दीड महिन्यात नजर पूर्ववत झाली. चष्मा बदलू नका.

परताव्याबद्दल. सेंटरने आधी सात फेशियल देऊ केले, मग 'पॅकेज नॉन-रिफंडेबल' म्हणून सांगितलं. मी पिशवीवरच्या पाटीचा १.३ वाला फोटो आणि 'हायपरबेरिक' लिहिलेलं ब्रोशर शेजारी लावून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आठवड्याला एक फोन, तारीख वहीत, समोरच्याचं नाव वहीत. त्या दोन कागदांपुढे त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

आता व्रण पांढुरका झालाय, मधला दीड सेंटिमीटर जरा रुंद आहे आणि बेंबीखाली बधिरपणा आहे. पुढच्या महिन्यात माझ्या जावेचं ऑपरेशन आहे, दुसऱ्या ठिकाणी. तिच्या एस्टिमेटमध्येही शेवटी तीच ओळ होती, तिथली ३०,००० ची. तिने फोन करून दाब विचारला. "मॅडम, कळवतो," म्हणाले. ओळ आम्ही पेनने खोडून सही केली.