म. ए. समितीची निवडणूक सेवा: माल अस्सल, पॅकिंग रद्दी

सीमाप्रश्नासाठी मत द्यायचं असेल तर बेळगाव-खानापूर पट्ट्यात महाराष्ट्र एकीकरण समितीला पर्याय नाही. शेकापवाला, काँग्रेसी, हिंदुत्ववाला असे सगळे तिथे ‘हा मराठी भाग महाराष्ट्रात यावा’ या एकाच मागणीवर एकत्र येतात. रस्ता, गटार, पाणी यावरची भूमिका मात्र उमेदवारागणिक बदलते. इतकं सैल अंग आहे म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली, असं आमचं मत.

अडतं ते यंत्रापाशी. समितीचा उमेदवार कागदोपत्री अपक्ष. चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर, म्हणजे प्रचाराला हाती जेमतेम दोन आठवडे. तेही प्रत्येक मतदारसंघात वेगळं. उचगावच्या पाहुण्याला वडगावच्या उमेदवाराचं पत्रक देऊन उपयोग शून्य. मतदान यंत्रावर अपक्षांची नावं पक्षवाल्यांच्या खाली, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला आधी नमुना मतपत्रिका दाखवून कितव्या नंबरचं बटण ते पाठ करून घ्यावं लागतं. पक्ष नोंदवून समान चिन्ह मागावं, तर कर्नाटकात विधानसभेच्या किमान 5 टक्के जागा लढवाव्या लागतात. 224 पैकी अकराहून जास्त झाल्या, आणि समितीचं खरं बळ चार-पाच जागांत. हे कोडं आजवर सुटलेलं नाही.

1996 च्या लोकसभेला याच अपक्षपणाचं हत्यार केलं. बेळगावात 456 उमेदवार उभे राहिले, मतपत्रिकेचं पुस्तक झालं. इतर राज्यांतही तसंच घडलं होतं. मग खुल्या गटाची अनामत 500 वरून थेट 10,000 वर गेली. तो रस्ता बंद.

2013 च्या विधानसभेला बेळगाव दक्षिण आणि खानापूर अशा दोन जागा आल्या. 2018 ला दोन गट पडले आणि याच दोन्ही ठिकाणी समितीचेच दोन-दोन उमेदवार समोरासमोर. खानापुरात त्या दोघांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा जास्त होती! निकाल: शून्य. 2023 ला पुन्हा शून्य. मधल्या 2021 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत एकच नाव होतं, तर लाखाच्या वर मतं पडली. त्याच वर्षी महापालिकेत मात्र 58 पैकी 35 जागा भाजपने नेल्या.

पाचपैकी दोन तारे. पुढच्या वेळी अर्ज भरण्याआधीच मध्यवर्ती, शहर आणि तालुका समित्यांची एकच यादी आली, तर तिसरा देऊ. माघारीच्या दिवशीची मनधरणी आता पुरे.